वाचनालयाच्या संगणकावर खाती उघडताना

आमच्या वाचनालयात संगणक एकच आहे आणि त्यावर काम करणारी माणसे अनेक आहेत. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मी गेली काही वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करते. पूर्वी पुस्तकांची दाखल नोंदवही, सभासदांची यादी आणि वर्गणीचा हिशेब एवढ्यापुरताच त्या यंत्राचा उपयोग होत असे. पण अहिराणी गाणी टिपून ठेवण्याचे काम आम्ही हाती घेतले आणि सगळाच व्याप वाढला. आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवातली गाणी आणि जात्यावरच्या ओव्या गावातल्या वयस्कर बायकांकडून ऐकून कॉलेजात शिकणारी मुले-मुली वहीत उतरवून घेतात आणि मग वाचनालयात येऊन संगणकावर टंकतात. सगळे जण एकाच खात्यातून काम करत असल्यामुळे कोणती फाइल कोणी लिहिली, कोणी बदलली आणि कोणी पुसली याचा कसलाच माग लागत नव्हता. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते आणि सगळ्यांसाठी एक सामायिक जागा हा त्यावरचा उपाय होता. तो अमलात आणताना मी लिनक्स या कार्यप्रणालीच्या कमांड, म्हणजे संगणकाला टंकून द्यायच्या आज्ञा, शिकले, आणि त्या शिकवणाऱ्या पानांशी माझी चांगली ओळख झाली.

यंत्र जुने होते, म्हणून त्यावर डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार बसवायचे ठरले. धुळ्याहून आलेल्या एका तरुण जाणकाराने ते बसवून दिले. बसवताना त्याने रूट या सर्वाधिकारी खात्याच्या पासवर्डाची जागा मुद्दाम रिकामी ठेवली; तसे केले की डेबियन रूटचे थेट लॉगिन बंद ठेवते आणि पहिल्या खात्याला ‘सुडो’ ही कमांड वापरण्याचा, म्हणजे गरजेपुरते रूटच्या हक्काने काम करण्याचा, अधिकार देते. ते पहिले खाते माझे होते. निघताना तो म्हणाला, “ताई, काही अडलं तर खुशाल फोन करा, पण त्याआधी मॅनला विचारून बघा.” गावातले इंटरनेट भरवशाचे नाही, उन्हाळ्यात दुपारी तर वीजही जाते-येते, त्यामुळे बाहेर शोधण्यापेक्षा यंत्रातच असलेल्या मदतीवर अवलंबून राहणे मला भाग होते. आज मला वाटते की शिकण्याची हीच पद्धत सर्वांत चांगली आहे आणि नेट वेगवान असते तरी मी नवशिक्याला हीच सांगितली असती.

टर्मिनल, म्हणजे कमांड टंकण्याची खिडकी, उघडले की एक डॉलरचे चिन्ह दिसते आणि त्याच्यापुढे कर्सर लुकलुकत असतो. आपण कुठे आहोत ते ‘पीडब्ल्यूडी’ सांगते, भोवती काय आहे ते ‘एलएस’ दाखवते आणि ‘सीडी’ने जागा बदलते. लहान आणि मोठी रोमन अक्षरे वेगवेगळी धरली जातात. टॅबची कळ दाबली की अर्धवट नाव पूर्ण होते आणि वरच्या बाणाने आधीची कमांड परत येते. पासवर्ड टंकताना पडद्यावर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे लागते, नाहीतर कळफलक बिघडला असे समजून ती हात आखडतात. काम नीट झाले तर बहुतेक कमांड काहीच बोलत नाहीत. या गोष्टी चार-दोन बैठकांत अंगवळणी पडतात. त्यांत फारसे अवघड काही नाही.

खरी गोडी ‘मॅन’ या कमांडपासून लागली. ‘मॅन’ लिहून पुढे ज्या कमांडची माहिती हवी तिचे नाव लिहिले की त्या कमांडचे माहितीपान उघडते. तळाच्या ओळीवर मदतीसाठी ‘एच’ आणि बाहेर पडण्यासाठी ‘क्यू’ दाबा अशी सूचना इंग्रजीत असते. स्पेसबारने पान पुढे सरकते, तिरकी रेघ देऊन शब्द लिहिला की तो शब्द शोधला जातो आणि ‘एन’ दाबले की त्याच्या पुढच्या ठिकाणी जाता येते. सुरुवातीला मी पान वरपासून खालपर्यंत वाचत असे. मग कळले की ही पाने सलग वाचण्यासाठी नसतात. आधी नाव आणि एका ओळीत काम, मग वापराचा साचा, मग वर्णन आणि पर्याय, आणि शेवटी संबंधित पानांची नावे, अशी त्यांची घडण ठरलेली असते. त्यातला वापराचा साचा वाचता आला की अर्धे काम झाले. त्यात ठळक अक्षरांत छापलेले जसेच्या तसे टंकायचे असते, अधोरेखित शब्दाच्या जागी आपल्या फाइलीचे किंवा खात्याचे नाव घालायचे असते, चौकटी कंसातले ऐच्छिक असते आणि तीन टिंबे असतील तर ती गोष्ट एकाहून अधिक वेळा देता येते. ‘एलएस’च्या पानावर आधी चौकटी कंसात पर्याय आणि तीन टिंबे, मग चौकटी कंसात फाइल आणि तीन टिंबे असे लिहिलेले आहे, म्हणजे काहीही न देता नुसते ‘एलएस’ चालते आणि हवे तितके पर्याय व हव्या तितक्या फाइली दिल्या तरी चालते. हे एवढे उमगल्यावर इंग्रजी बेताचे असलेल्या मुलांनाही पाने उलगडू लागली, कारण साच्यात वाक्ये नसतात, फक्त खुणा असतात.

ही रीत फार जुनी आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत १९६९ साली युनिक्सची, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर घडले त्या कार्यप्रणालीची, सुरुवात केली, आणि त्याच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक पानावर त्या कमांडचे ठाऊक असलेले दोष लिहिण्यासाठी जागा होती आणि तिची जबाबदारी कोणाची तेही खात्याच्या नावाने नोंदलेले असे. आपल्या वस्तूत काय उणे आहे हे करणाऱ्याने तिच्या माहितीपत्रकातच लिहून ठेवावे, हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. लिनस टॉरवाल्ड्स यांचे लिनक्स १९९१ साली आले, पण पानांची ही घडण त्यानेही पुढे चालू ठेवली. दोषांची नोंद आजही पुष्कळ पानांच्या शेवटी सापडते.

पानाच्या माथ्यावर कमांडच्या नावापुढे कंसात एक आकडा असतो. पुस्तकाच्या पाठीवरचा वर्गांक पाहण्याची सवय असल्यामुळे माझे लक्ष त्याच्याकडे लगेच गेले. सामान्य वापराच्या कमांड १ मध्ये, फाइलींच्या रचनेची माहिती ५ मध्ये, किरकोळ पण उपयुक्त विषय ७ मध्ये आणि व्यवस्थापकाच्या कमांड ८ मध्ये असतात. पूर्ण यादी ‘मॅन मॅन’ असे लिहिले की मिळते. या आकड्याचा उपयोग मला खाते उघडताना झाला. ‘अ‍ॅडयूजर’ लिहून पाहिले तर अशी कमांडच सापडत नाही असा संदेश आला, पण ‘मॅन अ‍ॅडयूजर’ लिहिल्यावर पान मात्र उघडले. माथ्यावर ८ हा आकडा होता. व्यवस्थापकाच्या कमांड वेगळ्या फोल्डरात असतात आणि डेबियनमध्ये सामान्य खाते त्या फोल्डरात शोधत नाही, म्हणून तो संदेश आला होता. पुढे ‘सुडो’ लावल्यावर तीच कमांड चालू झाली.

कमांडचे नावच माहीत नसेल तर ‘अ‍ॅप्रोपॉस’ला विषयाचा शब्द द्यावा, तो ज्या पानांच्या एका ओळीच्या वर्णनात येतो ती सगळी पाने समोर येतात. यादी लांबली तर विभागाचा आकडा देऊन ती आटोपशीर करता येते. ‘सीडी’ची गोष्ट मात्र निराळी निघाली. तिचे मॅन पानच नव्हते. ‘टाइप सीडी’ विचारल्यावर कळले की ती स्वतंत्र प्रोग्रॅम नसून बॅश या शेलच्या, म्हणजे आपण टंकलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पोटातली कमांड आहे, आणि अशा कमांडसाठी ‘हेल्प सीडी’ असे विचारायचे असते. याचे कारणही पटण्यासारखे आहे. शेल जेव्हा वेगळा प्रोग्रॅम चालवतो तेव्हा त्या प्रोग्रॅमला स्वतःची जागा बदलता येते, शेलची बदलता येत नाही. म्हणून जागा बदलण्याचे काम शेलला स्वतःच करावे लागते. अगदी नवख्या माणसाने ‘मॅन इंट्रो’ हे पान अवश्य उघडावे. त्यात लॉगिन करण्यापासून तारीख व कॅलेंडर पाहण्यापर्यंतचा सराव नमुन्यासह दिला आहे, आणि त्या नमुन्यातले कॅलेंडर ऑगस्ट २००२ चे आहे.

खात्यांकडे वळण्यापूर्वी मी ‘मॅन पासडब्ल्यूडी’ उघडले तर पासवर्ड बदलण्याच्या कमांडचे पान आले. खात्यांच्या फाइलीचे पान हवे असेल तर मध्ये ५ हा आकडा घालावा लागतो. ती फाइल ईटीसी या फोल्डरात असते आणि कोणालाही वाचता येते. दर ओळीत एक खाते आणि दर खात्याचे सात रकाने: खात्याचे नाव, पासवर्डाची जागा, खात्याचा क्रमांक, मुख्य गटाचा क्रमांक, माणसाची माहिती, घराचा (म्हणजे त्या खात्याचा स्वतःचा) फोल्डर आणि लॉगिन झाल्यावर सुरू होणारा शेल. पासवर्डाच्या रकान्यात नुसता ‘एक्स’ असतो. सांकेतिक रूपातला खरा पासवर्ड शॅडो नावाच्या दुसऱ्या फाइलीत असतो आणि ती सामान्य खात्याला वाचता येत नाही. रूटचा क्रमांक शून्य असतो. डेबियनमध्ये माणसांची खाती १००० पासून सुरू होतात. मधली कितीतरी खाती छपाई, टपाल अशा सेवांसाठी असतात आणि त्यांच्या शेलच्या रकान्यात लॉगिन नाकारणारा प्रोग्रॅम नेमलेला असतो. आमच्या वाचनालयात कधी न आलेली ही नावे कोणाची, असे मुलांनी विचारले तेव्हा मी तेच पान त्यांच्याकडून वाचून घेतले.

‘यूजरअ‍ॅड’ आणि ‘अ‍ॅडयूजर’ अशा दोन कमांड आहेत. पहिलीचे पान स्वतःच सांगते की डेबियनवर व्यवस्थापकांनी सहसा दुसरी वापरावी. दुसरी एकेक प्रश्न विचारत जाते: पासवर्ड, पूर्ण नाव, खोलीचा क्रमांक, कार्यालयाचा आणि घरचा फोन. वाचनालयाच्या संगणकाला खोलीचा क्रमांक कशाला हवा, असे वाटणे साहजिक आहे. ही माहिती ज्या रकान्यात साठते त्याला जीकॉस म्हणतात, आणि ते नाव जनरल इलेक्ट्रिकच्या एका जुन्या कार्यप्रणालीवरून आले आहे. बेल लॅब्जमधली काही युनिक्स यंत्रे छपाईसारख्या कामांसाठी तसल्या यंत्राचा आधार घेत आणि त्यासाठी लागणारी ओळख त्या रकान्यात ठेवत. आम्ही फक्त पूर्ण नाव भरले, बाकीच्या प्रश्नांना एंटर दिले. खात्याचे नाव लहान रोमन अक्षरांतच द्यावे लागते. आमच्या यंत्रावर नव्या माणसाच्या घरात इतरांना डोकावता येत होते. ते बंद करण्यासाठी ‘अ‍ॅडयूजर’च्या मांडणी-फाइलीचे पान पाचव्या विभागात सापडले आणि त्यातल्या सूचनेप्रमाणे घराच्या फोल्डरासाठी ०७०० ही परवानगी, म्हणजे मालकाला सगळे हक्क आणि बाकी कोणालाच नाही, अशी लिहून ठेवली.

खाती सुरू झाल्यावर बारावीतल्या एका मुलीने कुतूहलाने स्वतःच्या खात्यातून ‘सुडो’ वापरून पाहिले. तिचे नाव ‘सुडो’चा अधिकार असलेल्यांच्या यादीत नाही आणि या प्रकाराची माहिती कळवली जाईल, असा संदेश पडद्यावर आला. ती घाबरून म्हणाली, “ताई, हे कोणाला कळवणार? कॉलेजात तर नाही ना?” मी माझ्या खात्यात जाऊन तिला अशा नोंदींची लॉग फाइल उघडून दाखवली. तिच्या खात्याचे नाव, वेळ, ती कोणत्या फोल्डरात होती आणि तिने कोणती कमांड लिहिली, एवढीच एक ओळ तिथे होती. ही नोंद यंत्रातच राहते आणि व्यवस्थापकाला वाचता येते. मी स्वतः ‘सुडो’ने केलेल्या प्रत्येक कामाची नोंदही त्याच फाइलीत तिला दिसली, तेव्हा तिचा चेहरा खुलला. अधिकार असलेल्याचीही नोंद होते, हे मुलांना कळणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत जास्त डोके सामायिक फोल्डराने खाल्ले. ‘मॅन हायर’ या पानात मुख्य फोल्डरांची कामे दिली आहेत. त्यावरून एसआरव्ही हा फोल्डर आम्हाला योग्य वाटला आणि त्यात गाण्यांसाठी जागा केली. सगळ्यांचा एक गट तयार करून ‘यूजरमॉड’ने माणसे त्यात घातली. हे करताना मोठ्या ‘जी’च्या पर्यायासोबत लहान ‘ए’ द्यावाच लागतो, नाहीतर ती व्यक्ती बाकीच्या गटांतून बाहेर पडते. पानात तसे स्पष्ट लिहिले आहे. गटात घातलेल्याने एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन केल्याशिवाय बदल लागू होत नाही, आणि तो झाला की नाही हे ‘आयडी’ लिहून पाहता येते. फोल्डराला २७७० ही परवानगी दिली; मालकाला आणि गटाला सगळे हक्क, इतरांना काहीच नाही. यातल्या पहिल्या २ मुळे त्या फोल्डरात तयार होणारी प्रत्येक नवी फाइल लिहिणाऱ्याच्या खासगी गटाची न होता आमच्या सामायिक गटाची होते. ‘एलएस’च्या सविस्तर यादीत गटाच्या तिसऱ्या अक्षराच्या जागी ‘एस’ दिसतो तो याचाच. घरात लिहून ‘एमव्ही’ने हलवलेली फाइल मात्र जुना गट घेऊनच येते, म्हणून आम्ही ‘सीपी’ने नक्कल आणतो.

एवढे होऊनही एकाने लिहिलेले गाणे दुसऱ्याला वाचता येई, पण दुरुस्त करता येईना. याचे उत्तर ‘हेल्प यूमास्क’ने दिले. नवी फाइल तयार होताना कोणत्या परवानग्या काढून घ्यायच्या हे यूमास्क ठरवतो. आमच्याकडे तो ०२२ होता, त्यामुळे ६६६ मधून, म्हणजे मालक, गट आणि इतर या तिघांच्या वाचण्या-लिहिण्याच्या हक्कांतून, गटाचा आणि इतरांचा लिहिण्याचा हक्क जाऊन ६४४ उरत होते. तो ००२ केल्यावर ६६४ मिळू लागले. ज्या फोल्डरातल्या फाइलींवरून नव्या माणसाचे घर सजते त्या ‘स्केल’मधल्या बॅशच्या फाइलीतही ती ओळ घातली. फाइल पुसण्याचा हक्क फाइलीच्या परवानगीवर नसून ती ज्या फोल्डरात आहे त्याच्यावर अवलंबून असतो, हेही याच वेळी समजले. म्हणून तपासून पक्की झालेली गाणी ठेवण्यासाठी २७५० परवानगीचा दुसरा फोल्डर केला. तिथे गटाला वाचता येते, पुसता येत नाही. गाणी सांगणाऱ्या एक आजी वाचनालयात आल्या होत्या. आपले गाणे पडद्यावर पाहून त्यांनी विचारले, “हाई सम्दं कोठे ऱ्हास?” मी ‘पीडब्ल्यूडी’ लिहून जागा दाखवली आणि ‘एलएस’च्या यादीत ते गाणे कोणत्या मुलीने उतरवले तेही दाखवले.

फाइलींची नावे आम्ही देवनागरीत देतो आणि ती व्यवस्थित चालतात. केन थॉम्प्सन यांनीच रॉब पाइक यांच्यासोबत १९९२ साली रचलेल्या यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीमुळे हे शक्य होते. तिचे पानही सातव्या विभागात आहे. एका मुलाने गाण्याच्या पहिल्या दोन्ही ओळी नावात घातल्या तेव्हा नाव फार लांब असल्याचा संदेश आला. नावाची मर्यादा २५५ बाइटांची (बाइट हे संगणकातल्या साठवणीचे माप) असते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, वेलांटी, हलन्त हीही वेगळी चिन्हे धरली जातात, म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हे बसतात. ‘डब्ल्यूसी’ला लहान ‘सी’ दिला तर बाइट आणि लहान ‘एम’ दिला तर चिन्हे मोजून मिळतात. मुलांनी तो हिशेब स्वतः करून पाहिला.

आता परीक्षा झाल्यावर काही मुले पुण्याला, नाशिकला शिकायला जातात आणि त्यांच्या खात्यांचे काय करायचे हा प्रश्न येतो. ‘डेलयूजर’ने खाते काढले तरी फाइली तशाच राहतात, पण त्यांच्या मालकाच्या जागी नावाऐवजी नुसता क्रमांक दिसू लागतो. ‘अ‍ॅडयूजर’ नव्या माणसाला पहिला मोकळा क्रमांक देते. म्हणजे काढलेल्या खात्याचा क्रमांक पुढे नव्याच मुलाला मिळून जुन्या गाण्यांवर त्याचे नाव लागण्याचा धोका आहे. ज्याने गाणे उतरवले त्याचेच नाव त्यावर राहावे याबद्दल मी आग्रही आहे, म्हणून खाती काढायची नाहीत, बंद करायची असे ठरवले. ‘पासडब्ल्यूडी’ला लहान ‘एल’ दिला की पासवर्ड कुलूपबंद होतो, पण तिचे पान बजावते की याने फक्त पासवर्ड बंद होतो, खाते नव्हे; खाते पूर्ण बंद करायचे तर ‘यूजरमॉड’ने त्याची मुदत १ अशी लिहावी. हा आकडा १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांचा आहे. तो दिल्यावर ‘सीएचएज’ला लहान ‘एल’ लावून पाहिले तर खात्याची मुदत २ जानेवारी १९७० रोजी संपलेली दिसते, आणि गाण्यांच्या यादीत त्या मुलीचे नाव पूर्वीसारखेच दिसत राहते.